शेंदराखालची बंदूक

तांडा, बोरी अरबजवळ
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय फुलसिंगमामा,

जय सेवालाल. पत्र बघून दचकू नका. तुमची बहीण, म्हणजे आमची याडी, ठणठणीत आहे. पोळ्याला पोटभर पुरणपोळ्या खाल्ल्या आणि वर मलाच रागावली, पुरण नीट शिजलं नाही म्हणून.

फोन न करता पत्र का लिहिते, ते आधी सांगते. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि नीट ऐकू आलं की नाही याची खात्री करायला तुम्ही तेच वाक्य दुप्पट आवाजात परत विचारता. मागे मी माझ्या नवऱ्याच्या, बादलच्या मूळव्याधीचं औषध विचारलं, तर दुसऱ्याच दिवशी पुसदच्या तुमच्या गल्लीतल्या बायांनी मामीला घरगुती उपाय आणून दिले. बादल अजून त्या गल्लीत यायला तयार नाही. आताचा विषय गल्लीत गेला तर माझ्या पोराची, ओमची नोकरी गेलीच म्हणून समजा.

हो, ओम पोलीस भरतीत निवडला गेला! धावणं झालं, लेखी झाली, यादीत नाव लागलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली. ठाण्यातून माणूस येणार, घर बघणार, शेजारीपाजारी विचारणार, मग कागद पुढे जाणार. आणि मामा, आमच्या घरात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर काय टांगलेलं आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

माझ्या वडलांची, बापूंची रायफल. मला कळायला लागल्यापासून ती तिथे आहे. दसऱ्याला तिला तेल-शेंदूर आणि नवं फडकं. तांड्यात लग्न झालं की नवरा-नवरी आधी सेवालाल महाराजांच्या देवळात जातात आणि मग आमच्या भिंतीसमोर वाकतात. आपले पूर्वज बैलांवर धान्य लादून पलटणींना पोचवायचे, त्या लदेणीच्या काळात कुणा साहेबानं ती बक्षीस दिली, असं बापू सांगायचे. लायसन कधी कुणी विचारलं नाही आणि आम्ही काढलं नाही. देवाचं कसलं लायसन?

पण परवा सदाशिवराव आले होते. त्यांचं शेत आपल्या धुऱ्याला लागून आहे आणि ते बरीच वर्षं गावचे पोलीस पाटील होते. चहा पिता पिता भिंतीकडे बघून म्हणाले, "बबिताबाई, पोट्टा पोलिसात चालला अन् घरात बिनलायसनची बंदूक? पडताळनीवाला आला त काय सांगसान? लय पुरानी असन, चालतच नसन, त गोष्ट वेगळी. पन किती पुरानी, हे कोनी जानकारानं सांगितलं पाह्यजे."

तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. बादल म्हणतो, नदीत टाकू. सासूच्या देवाला नदीत टाकल्यावर हा घरजावई कुठे राहणार, असं विचारलं तर बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

तुम्ही उभी हयात फौजेची हत्यारं दुरुस्त केलीत. या रायफलचं वय सांगा. याडीला यातलं काही माहीत नाही आणि कळूही द्यायचं नाही. तिचा रक्तदाब आणि तिचा देव, दोन्ही एकदम हलवायची माझी हिंमत नाही.

तुमची भाची,
बबिता

ता.क. वाचून झालं की पत्र फाडा. मामीला दाखवून मग फाडा, तिला नाहीतरी कळणारच.


पुसद
३० ऑगस्ट २०२५

चि. बबितास अनेक आशीर्वाद.

ओमला सांग, आजोबानं सलाम ठोकला आहे. खुर्चीतून उठून ठोकला, मामी साक्षीला आहे.

घबराना नहीं. तू योग्य माणसाला पत्र लिहिलंस. माझ्या ऐकण्याबद्दल जे लिहिलंस ते मी वाचलं नाही असं समजतो.

आता ऐक. पहिली गोष्ट म्हणजे तिला रायफल म्हणू नका. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्या असल्या तर रायफल, नसल्या तर नुसती बंदूक. दुसरी गोष्ट, हत्याराचं वय काढायचा सगळ्यांत सोपा रस्ता म्हणजे त्याचा नंबर. प्रत्येक सरकारी हत्याराला आणि कारखान्यातून निघालेल्या बहुतेक प्रत्येक बंदुकीला नंबर ठोकलेला असतो. नळी लाकडात शिरते त्या जागी बघ, लाकडी दस्त्याच्या खालच्या पट्टीवर बघ. मुकुट, वाघ, अक्षरं, काहीही दिसलं तर कागद ठेवून वरून पेन्सिल घास आणि तो कागद मला पाठव.

नंबर मिळाला तर मी तुला तिची जन्मतारीख सांगतो. नाही मिळाला तर तिचं अंग बघून वय काढावं लागेल, जसं बाजारात बैलाचे दात बघून काढतात. तेही मला येतं.

तू विचारशील की मी आजवर का नाही बघितली. तुझ्या बापूनं, फकिरादाजीनं हातच लावू दिला नाही! सुट्टीवर आलो की पहिलं वाक्य हेच, "फुलसिंग, फौजेतल्या मानसाचा हात लागला त देव घर सोडते." आणि बाई, म्हणजे तुझी याडी, लगेच तिच्यावर फडकं टाकायची. मी साऱ्या पलटणीची हत्यारं उघडून बसवली आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात मला एका बंदुकीपासून हातभर लांब उभं करायचे. तो राग माझ्या मनात अजून आहे. आता तुझ्या हातानं का होईना, मी ती बघणार.

शेंदूर खरडू नकोस. बाईला कळेल.

तुझा मामा,
फुलसिंग


तांडा
६ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

याडी भजनाला गेली तेव्हा मी आणि बादलनं दार लावून ती भिंतीवरून उतरवली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हात लावला. बादलनं आधी तिच्या पाया पडून माफी मागितली, मग धरली.

नंबर नाही. मुकुट नाही, वाघ नाही, अक्षर नाही. लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे शेंदूर इतका जाड आहे की खाली काय आहे ते देवच जाणे. बाकी जे दिसलं ते लिहिते. लांबी माझ्या खांद्यापर्यंत. नळीच्या खाली एक लोखंडी गज खोचलेला आहे. मागे वाकडी चोच असलेला तो तुमचा घोडा, आणि चोच जिथे टेकते तिथे एक छोटी बोंडी. घोडा हलत नाही, चापही हलत नाही, शेंदरानं दोन्ही घट्ट बसलेत. दस्ता सागवानाचा आहे, हे बादल छातीठोकपणे सांगतो.

नळीच्या तोंडात बोट घातलं. आत गुळगुळीत आहे, खाचा नाहीत, म्हणजे ती रायफल नाही. (तांड्याला हे सांगायचं धाडस तुम्ही करा.) बोट थोडं आत गेलं आणि पुढे काहीतरी कोंबलेलं लागलं.

आणि एक. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती खूप हलकी आहे. बादल म्हणाला, कुदळ जड लागते. याचा काही अर्थ होतो का?

सोबत ओमनं काढलेलं चित्र पाठवते. फोटो काढायचा नाही, असं मीच त्याला सांगितलं. फोटो कुठून कुठे जाईल, नेम नाही.

बबिता


पुसद
११ सप्टेंबर २०२५

चि. बबिता,

पेढे वाट. काम फत्ते!

चित्र बघताच मी मामीला म्हणालो, ही ठासणीची बंदूक. तोंडातून दारू ओतायची, गजानं ठासायची, बोंडीवर ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि घोडा सोडायचा. काडतूस यायच्या आधीचा प्रकार. नंबर नाही याचा अर्थ उघड आहे, सगळीकडे नंबर ठोकायची शिस्त येण्याआधीची आहे ती. दस्ता सागवानाचा आहे, कारण विलायती लाकूड आपल्या उन्हाळ्यात तडकलं असणार आणि इथल्या सुतारानं नवा बसवला असणार. हलकी आहे, कारण उत्तम कारागिराचं काम हलकंच असतं. घोडा हलत नाही तो शंभरावर वर्षांच्या गंजानं.

माझा निवाडा: साल १८६०, दहा वर्षं इकडे किंवा तिकडे. फकिरादाजी सांगायचा ते अक्षरशः खरं निघालं. मी इतकी वर्षं मनात त्याला गप्पिष्ट म्हणायचो. त्याच्या फोटोला माझ्याकडून हात जोड.

सदाशिवरावांना सांगा, पुराणवस्तू आहे. पडताळणीवाल्याला मी स्वतः येऊन समजावतो.

फक्त एक गोष्ट जपून. नळीत काहीतरी कोंबलेलं लागलं असं लिहिलंस. ती बंदूक भरलेली असू शकते. जुन्या काळी भरून ठेवायची पद्धत होती. तिच्या तोंडासमोर कुणी झोपू नये, खाली चूल पेटवू नये आणि खिळ्यावर आपटू नये. घाबरण्यासारखं काही नाही.

फुलसिंग


तांडा
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

घाबरण्यासारखं काही नाही, असं लिहून तुम्ही मोकळे झालात! बादल त्या रात्रीपासून गोठ्यात झोपतो. पंचवीस वर्षं मी एका भरलेल्या बंदुकीखाली झोपलो, असं म्हणून दिवसातून दोनदा कपाळाला हात लावतो. मी याडीची खाट काहीतरी निमित्त काढून सरकवली, तर तिनं ती जागच्या जागी ओढून आणली. "मले त्याच भितीखाली झोप येते," म्हणाली.

तरी तुमच्या पत्रानं दोन दिवस मी हवेत होते. शाळेत मुलं म्हणाली, बाई आज हसून राह्यल्या.

मग काल नवरात्राची साफसफाई काढली. याडी अंगणात सोयाबीन निवडत होती. मी जाळ्या काढताना झाडूचा दांडा बंदुकीला लागला आणि नळीवरचा शेंदराचा मोठा पोपडा खाली पडला. पोपडा पदरात लपवला, आणि मग वर बघितलं.

मामा, खाली गंज नाही. खाली चंदेरी रंग आहे, ट्रंकेला देतात तसा. आणि नळीच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे एक सरळ रेघ गेलेली दिसते, सांधा असावा तशी. दस्त्याजवळचे स्क्रू उघडे पडले, ते सगळे अगदी एकसारखे आहेत. आपल्या कपाटाच्या बिजागरीला आहेत तसेच.

मला यातलं कळत नाही, पण हे १८६० सारखं दिसत नाही. मी पोपड्याच्या जागी तेलात शेंदूर कालवून थापला आहे. पडताळणीवाला दसऱ्याच्या आत येणार, असा ओमला निरोप आहे. लवकर लिहा.

बबिता


पुसद
१९ सप्टेंबर २०२५

चि. बबिता,

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. माझी चूक झाली, आणि मोठी झाली. डोळ्यांसमोरचं सोडून मनातलं बघत बसलो.

चांगल्या बंदुकीच्या नळीला असा सरळ उभा सांधा नसतो. असा सांधा पाण्याच्या पाइपाला असतो. आणि तसला पाइप आपल्या तांड्यात कधी आला, हे मला पक्कं आठवतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर बोअर मारली आणि हापशी बसली तेव्हा. त्याआधी तांड्यात कुणी लोखंडी पाइप पाहिलाही नव्हता. म्हणजे तुझ्या भिंतीवरची बंदूक तुझ्याच वयाची आहे.

आणि तसं असेल तर नंबर नसण्याचा अर्थ उलटा होतो. नंबर नाही, कारण ती चोरून बनवलेली गावठी बंदूक आहे. पुराणवस्तू म्हणून सुटका नाही. वर ती भरलेली असेल तर विचारायलाच नको. फकिरादाजीनं हे कशासाठी बनवून घेतलं असेल, हा विचार मला झोपू देत नाही. तो भला माणूस होता गं.

आता मी सांगतो तसंच कर. नदीबिदी काही नाही. लपवलेलं हत्यार सापडलं तर ओम गेला. आधी तिच्या तोंडातून हळूहळू पाणी ओत आणि भिजू दे, म्हणजे आत दारू असली तरी निकामी होईल. बोंडीतून पाणी झिरपलं तर समज, वाट मोकळी आहे आणि ती उडू शकते. नाही झिरपलं तर थोडी आशा आहे. मग तुम्ही आपल्या पायांनी ठाण्यात जा आणि सगळं खरं सांगा. पडताळणीवाला यायच्या आधी जा. मी येतो सोबत. खोटं बोलून पोराला वर्दी घालायची नाही.

बाईला सांगावं लागेल. मी असतो तर मीच सांगितलं असतं, पण मी हळू सांगू शकत नाही.

फुलसिंग


तांडा
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

बसून वाचा.

काल याडी देवळात गेली म्हणून मी बंदूक मोरीत उभी केली. बादल दाराबाहेर, डोळे मिटून, कानांत बोटं घालून. मी तांब्यानं पाणी ओतायला लागले, तर पाणी आत जाईचना. वरच्या वर भरलं आणि माझ्या पायांवर सांडलं. मी बोंडीकडे बघत वाकले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय वं बबिता, देवाले आंघोळ घालून राह्यली का?"

याडी चष्मा विसरली म्हणून परत आली होती. माझ्या हातातला तांब्या पडला. आणि मामा, मी मोरीतच बसून रडायला लागले. ओमची नोकरी, पडताळणी, पाइप, दारू, तुमची पत्रं, सगळं एका दमात बोलून टाकलं. मला वाटलं, आता हिला काहीतरी होणार.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ओचा खोचून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "दारू कायची वं? लाकूड हाय त्याच्यात. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिग्रसच्या सुतारानं ठोकलं. ते बंदूक नोये, पोरी. कधीच नव्हती."

बादल तसाच कानांत बोटं घालून उभा होता. त्याला हलवून सांगावं लागलं.

हापशी बसली तेव्हाचा उरलेला पाइपाचा तुकडा बापूंनी मागून आणला होता. सुतारानं सागाचा दस्ता केला, घोडा केला दाराच्या जुन्या कडीचा, आणि वरून ट्रंकेचा रंग दिला. याडी हसते आहे, मामा! तुम्ही १८६० लिहिलंत ते मी तिला वाचून दाखवलं, तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "फुल्याले सांग, त्याच साली मी पन जन्मली."

मी तिला विचारलं, इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलं? त्यावर ती चष्मा पुसत बसली. आणि ठाण्यात जायचं म्हटल्यावर बंदूक पदराखाली घेतली. "तिले घराबाहेर नाई काढायची." एवढंच. तुम्हीच काहीतरी लिहा. तुमचं ऐकेल कदाचित. फोन करू नका, हात जोडते.

तुमची
बबिता


पुसद
२६ सप्टेंबर २०२५

मानीबाई,

तुझ्या भावाचा रामराम.

ज्या दिवशी बबिताचं पत्र आलं, त्या दिवशी मी पोट भरून जेवलो आणि दुपारी घोरलो. बायको म्हणते, गल्लीत ऐकू गेलं. जाऊ दे.

मला माहीत आहे तू का अडून बसलीस. दाजीचं नाव जाईल, लोक हसतील, म्हणतील फकिरानं पाइप दाखवून सगळ्या तांड्याला नमस्कार करायला लावलं. पण बाई, दाजी आता नाही, ओम आहे. ठाण्यात एकदा दाखवून आणली की विषय मिटला. तिथला साहेब तांड्यात दवंडी पिटणार नाही. पोरासाठी एवढं कर.

तुझा
फुल्या


तांडा
३० सप्टेंबर २०२५

(मामा, हे पत्र ओम स्वतः घेऊन येतो आहे, टपालानं दसऱ्याआधी पोचणार नाही. याडी सांगते आणि मी लिहिते. तिचं बोलणं आहे तसं उतरवते आहे, कारण सुधारून लिहिलं तर ती परत वाचायला लावते. बबिता.)

फुल्या,

तुले माया आशीर्वाद. आधी कामाचं सांगते. आमी काल ठान्यात गेलतो. मी, बबिता, बादल अन् ओम. बंदूक लुगड्यात गुंडाळून मीच मांडीवर घेतली एष्टीत. कंडक्टरनं इचारलं, आजी काय हाय, त मी म्हनलं, माया मालकाची काठी.

साहेब भला मानूस होता. ओमनं सारं खरं सांगितलं, काही लपवलं नाई. साहेबानं तिले उलटी केली, सुलटी केली, गजानं आत ठोकलं, बोंडी पिळून पाह्यली. मंग एका हवालदाराले बोलावलं, त्यानं पन ठोकून पाह्यलं. मंग दोघंबी हसले. साहेब म्हने, "आजी, याच्यातून त शेंगदाना उडत नाई." कागदावर लिहून देलं का हे हत्यार नोये. ओमच्या कागदावर पन सही केली. बबितानं तिथंच खुर्चीवर बसून डोळे पुसले. मले बरं वाटलं, फुल्या. पोरगी महिनाभर किती सुकली होती, अन् मले वाटे तिले शाळेचं टेन्शन हाय. मले एका शब्दानं इचारलं असतं त हे काहीच झालं नसतं. तुमी दोघं शिकलेले. एवढी पत्रं लिहिली, अन् मी अंगनात बसून होती.

(इथे ती थांबून माझ्याकडे बघते आहे, मी हे लिहिलं का म्हणून. लिहिलं आहे.)

आता दुसरं. तू लिहिलं का मी मालकाच्या नावासाठी अडून बसली. तसं नाई. तुले नाई समजलं, सांगते.

बबिता तान्ही होती. त्याईले राखनीचं काम भेटलं, रात्रभर शेतात राहा लागे. तांड्याच्या शेवटचं घर आपलं, मांगं नाला. मले भेव वाटे. रात्रभर मी पोरीले छातीशी धरून बसून राहो. त्याईले म्हनलं, मी मरून जाईन जागून जागून. ते दुसऱ्याच दिवशी दिग्रसले गेले. आठ दिवसानं हे घेऊन आले. भितीवर टांगलं अन् म्हनले, "माने, आता झोप. हिच्याकडं पाहून कोनी घरात येत नाई." मी हात लावून पाह्यलं, मले त लगेच समजलं का पाइप हाय. मी त्याईच्याकडं पाह्यलं, त्याईनं मायाकडं पाह्यलं. दोघं बी हसलो. त्या रात्री मी झोपली.

लदेनीची गोष्ट त्याईनं लोकाईसाठी रचली. चंदेरी रंग चमके म्हनून शेंदूर मीच लावला. तो पाहून एक बाई पाया पडली, मंग दुसरी पडली. मंग देव झाली ते. आमी कोनाले म्हनलं नाई देव माना म्हनून, पन नाई बी म्हनलं नाई. भेव आमाले फक्त तुयंच होतं. तू फौजेचा. तू सुट्टीवर आला का त्याईचा जीव खालीवर होये. तुले हात लावू देला नसता का आमी? पन तुया हातात गेली असती त तू तिथंच ओरडला असता, का हे त पाइप हाय! तुये कान तवा चांगले होते, पन आवाज हाच होता.

ते गेले तवा बबिता दहा वर्साची होती. लोक म्हनले, एकटी बाई, माहेरी जा. मी नाई आली. काहून का माया भितीवर ते होती. मले मालूम होतं का ते उडत नाई. मालूम असून मी तिच्याखाली झोपली, सारी जिंदगी. त्याईनं ते चोरासाठी नोती बनवली, फुल्या. माया झोपीसाठी बनवली होती. म्हनून मी म्हनलं का तिले घराबाहेर नाई काढायची. मले वाटलं, ठान्यातून नाई आली वापस त मी कशी झोपू?

पन आली वापस. काल सांजले परत टांगली. बादल गोठ्यातून घरात आला झोपाले. मी बी झोपली, कितीक दिवसानं बबिता बी झोपली.

(खरं आहे, मामा. उजाडल्यावर ओमनं उठवलं.)

परवा दसरा हाय. वयनीले घेऊन ये. ओमले सोनं दे, तो पुढच्या महिन्यात ट्रेनिंगले जाईन. अन् यंदा मी तिले भितीवरून काढून तुया हातात देईन. इतके वर्स हात लावू नाई देला, आता पाह्यजे तितकी पाहून घे. तेल-शेंदूर पन तूच लाव. सारा तांडा येईन पाया पडाले.

फक्त काही बोलायचं असन त हळू बोलजो. ते लोक अजून तिच्या भरोशावर झोपतात.

तुयी बहीन,
मानी